गाठ दाखव

कड्याखाली पोचल्यावर पहिला अर्धा तास कुणीच चढत नाही. आधी सगळे माना वर करून उभे राहतात. कुणीतरी "ओल दिसत नाही आज" म्हणतं, कुणी नुसताच हुंकार भरतं, मग सॅक उतरतात आणि सामान बाहेर यायला लागतं. ज्यांनी क्लायंबिंगचे फोटोच तेवढे पाहिलेत त्यांना वाटतं, माणूस दिवसभर भिंतीला पालीसारखा चिकटलेला असतो. चौघांच्या गटात कातळावर एका वेळी एकच जण असतो, एक जण त्याचा दोर धरून असतो आणि उरलेले दोघे बसून फुकटचे सल्ले देतात. त्या दिवशी मी सगळं मिळून तासभरही कातळावर नव्हते. बाकीचा दिवस खाली गेला, आणि जे काही घडलं त्यातलं निम्मं खालीच घडलं.

आम्ही चौघं म्हणजे दादा, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, मी आणि आमच्यातला धाकटा. दादा नात्यानं आमच्यापैकी कुणाचाच नाही, पण पन्नाशी ओलांडलेला आहे आणि अर्धं आयुष्य दोराला लटकून काढलंय, म्हणून सगळ्यांचा दादा. धाकटा पंचविशीतला, स्प्रिंग बसवल्यासारखा. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर, पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे याच गोष्टीनं माझी फजिती केली.

कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, त्यामुळे बाराएक वाजेपर्यंत सावली. खडक बेसॉल्टचा. लाव्हा थिजताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, म्हणून बेसॉल्टवर उभ्या चिरा, चौकोनी कोपरे, धारदार कंगोरे असं पकडायला पुष्कळ मिळतं. पण त्याच भेगांमुळे भक्कम दिसणारा एखादा ठोकळा मागून पार सुटलेला असतो. नव्या होल्डवर वजन टाकण्याआधी त्याला तळव्यानं थापटायचं. पक्का असेल तर हाताला नुसता दगड लागतो, पोकळ असेल तर रिकाम्या डब्यासारखा घुमतो. आणि हेल्मेट खाली उभ्या असलेल्यानंही घालायचं. दगड सुटतो चढणाऱ्याच्या हातून आणि येतो बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर धरणाऱ्याच्या, डोक्यावर.

दोर मोकळा करायचं काम माझ्याकडे होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा दोर हातातून काढत ताडपत्रीवर रास घालायची. यानं गुंता होत नाही हा एक फायदा. दुसरा म्हणजे दोराची तपासणी होते. आपल्या दोराला आत गाभा आणि बाहेर विणलेलं वेष्टण असतं. वेष्टण वरून धडधाकट दिसत असताना आतला गाभा दुखावलेला असू शकतो. तिथे बोटांना दोर एकदम मऊ, चपटा लागतो. मी साठ मीटर दोर असा चाचपडत काढला आणि उठले.

"शेवटाला गाठ मारलीस?" दादा.

"दादा, पहिला रूट पंधरा मीटरचा आहे. दोर साठचा."

"मारलीस का?"

मारली. तोंड वाकडं करून, पण मारली. दोर धरणारा ज्या उपकरणातून दोर सोडतो आणि रोखतो, त्या बिले डिव्हाइसमधून दोराचं खालचं टोक सटकून जाऊ नये म्हणून ही गाठ असते. चढणाऱ्याला खाली सोडताना दोर संपला आणि टोक मोकळं असलं तर ते डिव्हाइसमधून सुळकन निघून जातं आणि वरचा माणूस थेट जमिनीवर येतो. असे अपघात जगभर होत आलेत, आणि त्यात मुरलेले, अनुभवी लोकही सापडलेत. मला हे सगळं माहीत होतं. फक्त पंधरा मीटरच्या रूटला त्याचा काय संबंध, एवढंच माझं म्हणणं होतं.

सकाळचे दोन-तीन चढ टॉप रोपवर झाले. टॉप रोपमध्ये दोर आधीच वरच्या अँकरमधून, म्हणजे रूटच्या शेवटी पक्क्या बसवलेल्या बोल्टांमधून, ओवून खाली आलेला असतो. तुम्ही सुटलात तर हातभर खाली येऊन झोक्यासारखे लोंबकळता, बस. दीड वर्ष मी असंच चढत आले होते. त्यात जे शिकायचं ते बहुतेक पायांचं. नवशिका हातांनी स्वतःला ओढत वर नेतो आणि दहा मिनिटांत संपतो. पुढे कळतं की वजन मांड्यांनी उचलायचं, हातांनी फक्त भिंतीपासून लांब जाऊ द्यायचं नाही, आणि बुटाचा सगळा तळवा टेकवण्याऐवजी अंगठ्याकडची कड टेकवायची. मैत्रिणीला हे उपजतच येतं. ती चढते तेव्हा बुटांचा आवाजसुद्धा येत नाही. मी चढते तेव्हा कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं.

साडेदहाला दादानं माझ्यासमोर दहा क्विकड्रॉ टाकले. क्विकड्रॉ म्हणजे आखूड पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन कड्या. "आज लीड."

लीडमध्ये वर दोर नसतो. तो तुमच्या कमरेला बांधलेला असतो आणि तुम्ही तो सोबत वर नेता. दर दोन-अडीच मीटरवर खडकात बोल्ट ठोकलेला असतो, त्यात क्विकड्रॉ अडकवायचा, क्विकड्रॉमध्ये दोर. मग पुढे. बोल्टच्या जेवढं वर गेलात त्याच्या दुप्पट पडणार, शिवाय दोरातली ढील आणि दोराचा ताण. म्हणजे बोल्ट पायाखाली मीटरभर राहिला तर पडणं सहज तीन-चार मीटरचं. कागदावर हे फार साधं वाटतं.

मी घाबरले की आकडे वाचते. कॅराबिनरच्या, म्हणजे उघडझाप होणाऱ्या त्या कडीच्या, पाठीवर कोरलेले असतात. माझ्या हातातल्यावर लांबीच्या दिशेनं बावीस किलोन्यूटन, आडवा पडला तर सात, तोंड उघडं राहिलं तरी सात. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलोचं वजन. दोराची परीक्षा ऐंशी किलोचं वजन वरून टाकून घेतात. अशी निदान ५ पडझड त्यानं सोसावी आणि पहिल्या पडण्यात १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त झटका वजनापर्यंत पोचू देऊ नये, ही अट. म्हणजे दोर नुसता मजबूत असून भागत नाही, त्यानं ताणलं जायला हवं. तारेच्या दोरावर पडलात तर दोर टिकेल, तुम्ही नाही. दादा सांगतो, अंबाडीच्या दोरांच्या काळात नियमच होता की पुढच्यानं पडायचं नाही. नायलॉनचे दोर आल्यावर, म्हणजे १९४०च्या दशकानंतर, पडून परत चढणं हा प्रकार हळूहळू शक्य झाला.

रूटचा दर्जा ५.८. या आकड्यावर माझा व्यावसायिक आक्षेप आहे. अमेरिकेतल्या गिर्यारोहकांनी १९५०च्या दशकात ही मोजपट्टी बसवली. त्यातला ५ म्हणजे दोर लागेल अशी चढाई आणि पुढचा आकडा अवघडपणाचा. ५.९ ही कमाल धरली होती. पुढे लोक त्याहून अवघड चढायला लागले तेव्हा सहावर जाता येईना, कारण सहा म्हणजे साधनांवर लोंबकळत केलेली चढाई. म्हणून ५.९ नंतर ५.१०. आज ही गाडी ५.१५पर्यंत आली आहे. शाळेत कुणी ५.१० हे ५.९पेक्षा मोठं म्हटलं असतं तर छडी खाल्ली असती. मी हे सगळं मैत्रिणीला ऐकवत होते आणि ती शांतपणे माझ्या हार्नेसचा पट्टा ओढून बघत होती.

"गाठ दाखव," दादा म्हणाला.

मी आठच्या आकड्याची गाठ पुढे केली. त्यानं बोटानं एकेक पदर मोजला. दोन, दोन, दोन, दोन, दोन. शेपूट वीतभर. मग मी त्याचा डिव्हाइस, त्याच्या कॅराबिनरचं कुलूप बघितलं. त्याला तीस वर्षं झाली असतील हे करायला, तरी मी कुलूप ओढून बघेपर्यंत तो हात बाजूला धरून उभा राहतो.

"बोलायचं काय ते लक्षात आहे ना?"

आमच्याकडे दोर सैल हवा असेल तर 'स्लॅक' आणि आवळायचा असेल तर 'टाइट' असंच ओरडायचं, असा दंडक आहे. मला आधी हे इंग्रजीचं खूळ वाटायचं. पण 'दे' आणि 'घे' हे शब्द वाऱ्यात वीस मीटरवरून ऐकून बघा. दोन्हींत नुसता 'ए' ऐकू येतो, आणि दोन्हींचा अर्थ नेमका उलटा.

पहिले तीन बोल्ट कसे गेले ते फारसं आठवत नाही. पहिल्याच्या आत पडलं तर जमीनच, म्हणून तिथपर्यंत धाकटा हात पसरून मागे उभा होता. दुसऱ्याला मी दोर उलटा अडकवला आणि खालून तिघं एका सुरात ओरडले. दोर खडकाच्या बाजूनं येऊन बाहेर, माझ्याकडे निघायला हवा. उलटा असला तर पडताना तो कॅराबिनरचं तोंड उघडून निसटू शकतो. काढला, नीट केला.

तिसऱ्यानंतर एक गुळगुळीत पट्टा आहे. दीड माणूस उंचीचा, त्यात एक तिरकी चीर. चिरेत बोटं जातात, पण पायाला नखभर कंगोरे. टॉप रोपवर मी हा पट्टा आठ-दहा वेळा चढले आहे. तेव्हा तो कधीच लांब वाटला नाही. त्या दिवशी चौथा बोल्ट दुसऱ्या गावाला असल्यासारखा दिसत होता.

मी चिरेत डावा हात घट्ट रोवला आणि उजवा खडूच्या पिशवीत घातला. मग उजवा रोवला आणि डावा पिशवीत. मग परत. खडू म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, घाम टिपायला. जॉन गिल नावाच्या अमेरिकन जिम्नॅस्टनं १९५०च्या दशकात व्यायामशाळेतून तो खडकावर आणला. गिलचं ठाऊक नाही, पण मी तो घाम टिपायला वापरतच नव्हते, वेळ काढायला वापरत होते. आणि वेळ काढणं हीच तिथली सगळ्यात महाग चूक. जोर लावून धरलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त पुरेसं फिरत नाही, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा टणक होतो. आम्ही याला हात 'पम्प' झाला म्हणतो. मग बोटं आपली राहत नाहीत. तुम्ही त्यांना सांगता मिटा, ती ऐकतात आणि हळूहळू उघडतात.

डावा पाय आपोआप थरथरायला लागला. मी एक पाऊल वर घेतलं, मग आणखी एक. तिसरा बोल्ट गुडघ्यांच्या खाली गेला. चौथा आता हाताच्या टप्प्यात होता. क्विकड्रॉ अडकवला. "स्लॅक!" दोर वर ओढला, फास दातात धरला, दुसऱ्यांदा ओढायला हात खाली नेला.

हा सगळ्यात वाईट क्षण. दोर ओढून घेतलेला, म्हणजे ढील जास्त, आणि तो अजून अडकवलेला नाही. मी क्विकड्रॉकडे हात नेला. कॅराबिनर फिरला. पुन्हा नेला. पुन्हा फिरला. चिरेतली डावी बोटं एकेक करून निघत असल्याचं मला अगदी स्पष्ट कळत होतं, जणू दुसऱ्या कुणाची निघतायत. मी दोर तोंडातून सोडला. ओरडायचं ठरलं होतं, पण ओरडले नाही. पडले.

पडताना आयुष्य वगैरे डोळ्यांसमोरून जात नाही. मला फक्त खडकाचा रंग वर जाताना दिसला. पोटात पाळणा उतरतो तसा खड्डा, मग कमरेला एक लांब, मऊ ओढ, आणि मी पाय पुढे करून भिंतीला टेकले. खाली बघितलं तर दादा जमिनीपासून हातभर वर तरंगत होता आणि हसत होता. तो ऐंशी किलोचा, मी छप्पन्न. एवढा जड माणूस दगडासारखा उभा राहिला असता तर मला दोराचा सणसणीत झटका बसून मी भिंतीवर आदळले असते. म्हणून दोर ताणला जायच्या क्षणी त्यानं वर उडी मारली होती. मी पडणार हे त्याला माझ्याआधी कळलं असावं.

"लागलं?"

"नाही."

"मग लोंबकळ जरा. घाई नाही."

चार मिनिटं लोंबकळले. हात झटकले. गंमत अशी की त्यानंतर चौथा बोल्ट पहिल्या फटक्यात अडकला. कॅराबिनर फिरू नये म्हणून मधल्या बोटानं तो खालून धरायचा असतो, हे मला दीड वर्ष माहीत होतं. तिथून वर सोपं होतं. अँकरला दोन बोल्ट असतात, एक निकामी झाला तरी दुसरा राहावा म्हणून. ते दिसले तेव्हा मी चक्क त्यांना हात लावून बघितला. हिशेबानं हा रूट माझा झाला नाही. एकदाही न पडता, दोराला न लटकता लीड केलं तरच तो 'रेडपॉइंट'. हा शब्द कुर्ट आल्बर्ट या जर्मन क्लायंबरचा, १९७०च्या दशकातला. असा रूट पुरा झाला की तो त्याच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा. माझ्या रूटला ठिपका नाही. चालेल.

दुपारी ऊन भिंतीवर आलं आणि आम्ही कोपऱ्यातल्या सावलीत सरकलो. तिथला रूट लांब, अँकर पंचवीस मीटरवर. धाकटा चढणार, बिले मी देणार. दोर तोच. गाठी दाखवून झाल्या आणि तो निघाला. वानराला कुणी चढायला शिकवत नाही, तसा तो भराभर वर गेला. मी मान दुखेपर्यंत वर बघत दोर सोडत होते. सकाळच्या पराक्रमानं मी जरा हवेतच होते, हे कबूल करायला हवं.

हातातून काळी खूण गेली. दोराच्या मध्यावर काळा पट्टा असतो. मी मनात म्हटलं, हं, अर्धा दोर गेला. आणि पुढे दोर सोडत राहिले.

मग डोक्यात दिवा लागला. अर्धा दोर वर गेला आणि हा अजून चढतोय, तर खाली यायला दोर कुठून आणणार? वर जायला एकपट, पण अँकरमधून खाली सोडायला दुप्पट. भागिले दोन. लोकांचे ताळेबंद तपासणाऱ्या बाईला भागिले दोन करायला पाच-सहा सेकंद लागले.

"थांब!" मी ओरडले. "कुठे आहेस तू?"

"वर अजून एक अँकर आहे, ताई! पोचलोच!"

नेहमीचा अँकर त्यानं केव्हाच ओलांडला होता. त्याच्या पाच-सहा मीटर वर आणखी दोन बोल्ट दिसले, आणि पंचविशीतल्या माणसाला वर बोल्ट दिसले तर तो काय करणार? त्यात आमचा दोर नावाचाच साठचा. वापरून, भिजून, सुकून दोर आखडतो. खरा अठ्ठावनच्या आसपास असेल.

दादा उठून माझ्या शेजारी आला. आवाज चढवला नाही. ताडपत्रीवर उरलेला दोर बघितला, भिंत बघितली, पायथ्याचे ठोकळे बघितले. वजन आल्यावर दोर थोडा ताणला जाईल, मी पायथ्याच्या ठोकळ्यावर चढून उभी राहिले तर आणखी मीटरभर मिळेल, आणि रूटचे खालचे दोन मीटर तर पायऱ्यांसारखे आहेत. "सावकाश सोड," म्हणाला. "घाई करू नकोस. दोर संपेल. संपू दे."

मी सोडत गेले. धाकटा खाली येत होता, काहीतरी विनोद करत होता, मला एकही ऐकू आला नाही. ताडपत्रीवरची रास संपली. वेटोळी संपली. मग उजव्या तळव्याला काहीतरी टणक लागलं.

गाठ.

ती डिव्हाइसला येऊन अडकली आणि सगळं थांबलं. धाकट्याचे बूट खालच्या ठोकळ्याच्या वर हातभर. त्यानं पाय लांबवले, पुरले नाहीत. मी चवड्यांवर उभी राहिले, भिंतीला पोट लावलं, तेव्हा तो कसाबसा टेकला. दादा दोन पावलं चढून त्याच्या पाठीशी हात लावून उभा राहिला, मैत्रिणीनं त्याच्या कमरेची गाठ सोडवली आणि तो त्या पायऱ्यांवरून उतरला. सगळं मिळून दोन मिनिटं. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर काही घडलंय असंही वाटलं नसतं.

दादा मला ओरडेल असं वाटलं होतं. धाकट्यालाही. तो काहीच बोलला नाही, ताडपत्रीवर जाऊन आडवा झाला आणि टोपी तोंडावर घेतली. ते ओरडण्यापेक्षा फार वाईट होतं. मैत्रीण माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "गाठ तूच मारली होतीस ना सकाळी?" मी हो म्हटलं. तोंड वाकडं करून मारली होती, हे तिला आठवत असणार, पण ती तेवढंच बोलली.

त्यानंतर मैत्रिणीनं एक सुंदर चढ केला, त्याबद्दल लिहायला हवं होतं, पण मी तेव्हा नीट बघितलंच नाही. मी दोराकडे बघत होते.

ऊन उतरल्यावर आवराआवर सुरू झाली. दोर गुंडाळायचा माझ्याकडेच. शेवटची गाठ सुटेना. धाकट्याचं वजन डिव्हाइसवर येऊन ती आवळून खडा झाली होती, आणि माझ्या बोटांत तर पेन धरायचंही बळ उरलेलं नव्हतं. धाकट्यानं माझ्या हातातून टोक घेतलं, दातानं सोडवायला गेला आणि दादाची शिवी खाल्ली. मग मांडी घालून बसला आणि गाठीला मागून ढकलत, दोन्ही बाजूंनी हलवत, बराच वेळ खटपट करून त्यानं ती मोकळी केली. टोक सरळ केलं, त्यावर हात फिरवला.

"ताई, असाच भरू पिशवीत?"

दादानं टोपीखालून एक डोळा उघडला.

"गाठ मारून भर," मी म्हटलं. "आणि मला दाखव."